कुस्तीचे गेम : तुम्ही कुठल्या मोडमध्ये रमलात?

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्तीच्या स्मॅकडाऊन आणि रॉ या शोंवरचे व्हिडिओगेम किंवा त्यांच्या पुढची टू-के मालिका, असा विषय निघाला की गप्पा 'फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा हुकमी डाव, कोणाचा भारी' इथंच थांबतात. मला विचाराल तर या गेमांचा जीव मोडमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या वेगवेगळ्या प्रकारांत आहे. एक्झिबिशन मोडमध्ये नुसती एक सुटी मॅच जिंकता येते. सीझन, जीएम (जनरल मॅनेजर होऊन शो चालवायचा), युनिव्हर्स या मोडांत त्या मॅचला आगापिछा येतो. कोण कोणावर का उखडलाय, विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला जावा, याला मग अर्थ येतो. तेव्हा तुमचा मोड आणि त्यातली तुमची पद्धत सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. माझा मोड 'हिअर कम्स द पेन'चा सीझन. २००३ साली आलेला हा गेम फक्त प्लेस्टेशन टूवर होता. तासावर पैसे घेणाऱ्या पार्लरमध्ये सगळे रॉयल रंबलच, म्हणजे एकाच रिंगमध्ये अनेक पैलवानांची झुंज, लावायचे. निवांतपणे सीझन खेळायला मिळायचा तो घरी. पडद्यावर पैलवानाच्या शरीराची छोटी आकृती असायची. मार बसेल तसं डोकं, धड, हात किंवा पाय पिवळा, केशरी, मग लाल व्हायचा. कर्ट अँगल घेतला तर आधी समोरच्याचा पाय झोडून लाल करायचा आणि मगच अँकल लॉक, म्हणजे घोटा पिळायचा त्याचा डाव, लावायचा. हलक्या रे मिस्टेरियोला घेऊन धिप्पाड बिग शोला उचलायला गेलात तर तो हलायचाच नाही, वजनाचा हिशेब गेममध्येच होता. पुढचे गेम दिसायला कितीतरी देखणे झाले, पण प्रत्येक पैलवानाशी वेगळं डोकं लढवायला लावणारा इतका सरळ खेळ मला दुसरा सापडला नाही.

ठाण्याहून
जीएम मोड! 'स्मॅकडाऊन व्हर्सेस रॉ २००६'मध्ये तो पहिल्यांदा आला. मी आणि धाकटा भाऊ, एकाकडे रॉ, एकाकडे स्मॅकडाऊन. ड्राफ्टमध्ये पैलवान निवडायचे, करार करायचे, बजेट सांभाळायचं, आणि दर आठवड्याला कोणाची मॅच कोणाशी हे ठरवायचं. मॅच स्वतः खेळलीच पाहिजे असं नाही. रात्री जेवताना आमची बोलणी चालायची, 'तुझा एक पैलवान दे, माझे दोन घे.' आई म्हणायची, जमिनीचा व्यवहार करताय का?

मधली कितीतरी वर्षं हा मोड गायब होता. २०२२ मध्ये 'टू-के ट्वेंटीटू'त मायजीएम म्हणून परतला. त्यात पैलवानांचे प्रकार असतात, फायटरसमोर ब्रूझर, जायंटसमोर क्रूझर लावला आणि एक चांगला, एक खलनायक अशी जोडी जमवली की मॅचचा दर्जा वाढतो. तेच चेहरे दर आठवड्याला उतरवले तर त्यांचा दम संपतो, दुखापत होते. माझा सल्ला असा, की सगळे पैसे एका मोठ्या नावावर घालू नका. मधल्या फळीतल्या दोघांचं वैर पेटवा आणि मोठ्या शोपर्यंत ते ताणून धरा. प्रेक्षक त्यातूनच वाढतात.

कोल्हापूरहून
आमच्याकडे खऱ्या तालमी, त्यामुळे घरातली मोठी माणसं या गेमला कुस्ती म्हणायला तयार नव्हती. मी क्रिएट मोडमध्ये, जिथं आपला पैलवान आपण घडवायचा, खाशाबा जाधव बनवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे आपले खाशाबा. उंची कमी, अंगकाठी चपळ, पोशाख साधा. ठोसे शक्य तितके काढून टाकले आणि डावांच्या यादीतून पट काढण्यासारखे, धोबीपछाडीच्या जवळ जाणारे डाव एकेक पाहून बसवले. मॅच सुरू झाल्यावर आजोबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पोरा, खालून शिर, पाय धर." त्यांचं ऐकून खेळलो. क्रिएट मोडला लोक कपडे बदलण्याचा खेळ समजतात, पण डाव निवडण्यात खरं काम आहे.

पुण्याहून
माझं मत 'टू-के फोर्टीन'ला. त्यात रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वात मोठ्या वार्षिक शोच्या तीस वर्षांचा मोड होता, तो छान होताच. पण मी अडकलो 'डिफीट द स्ट्रीक'मध्ये. गेम आला २०१३ च्या ऑक्टोबरात, तेव्हा अंडरटेकर हा पैलवान रेसलमेनियात २१-० होता, म्हणजे एकवीस विजय, एकही हार नाही; हीच ती स्ट्रीक. कुठलाही पैलवान घ्या आणि त्याला हरवून दाखवा. दिवे जायचे, आणि परत लागले की हा मागे उभा! फिनिशर बसल्यावरही तो पिनमधून, म्हणजे खांदे जमिनीला टेकवून तीन मोजेपर्यंतच्या पकडीतून, खांदा उचलायचा. उलटा मोडही होता, अंडरटेकर होऊन एकामागून एक येणाऱ्यांना थोपवायचं.

आणि मग ६ एप्रिल २०१४. ब्रॉक लेस्नरने खरोखर ती मालिका तोडली. पडद्यावर २१-१ आकडा आला तेव्हा मी सुन्न झालो होतो. त्यानंतर गेममधली ती मॅच लावताना मन वेगळंच व्हायचं. कुठल्याही मोडने मला खऱ्या शोच्या इतकं जवळ नेलं नाही.

बेळगावहून
मी मुलगी असून हे खेळते याचं लोकांना नवल वाटतं, मला त्यात नवल वाटत नाही. 'टू-के ट्वेंटीथ्री'च्या मायराइज या कथेच्या मोडमध्ये 'द लेगसी' ही कथा आहे, हॉल ऑफ फेम या दिग्गजांच्या मानाच्या यादीत असलेल्या मावशीची भाची रिंगमध्ये उतरते. घरच्या मोठ्या नावाचं ओझं पेलत स्वतःची ओळख करायची, हे मला फार भावलं. माझी आई गाते, मीही गाते, त्यामुळे असेल.

नाशिकहून
फोनवर पीएसपी या हातातल्या प्लेस्टेशनचे गेम चालवणारा इम्युलेटर आणि 'स्मॅकडाऊन व्हर्सेस रॉ २०११'. कॉलेजच्या बसमध्ये दोन मॅच व्हायच्या. मोड वगैरे काही नाही, टेबल्स-लॅडर्स-चेअर्स, म्हणजे टेबलं, शिड्या, खुर्च्या वापरायची मॅच, लावायचं आणि शिडीवर चढायचं.

मस्कतहून
आमची पिढी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या जुन्या नावाच्या, ट्रंप कार्डांची; पत्त्यावर पैलवानाचे आकडे छापलेले असायचे. चेस्ट, बायसेप्स, रँक अजून पाठ आहे. आता मुलाबरोबर खेळतो. 'टू-के ट्वेंटीथ्री'तल्या शोकेस या मोडची कल्पना मला विलक्षण वाटली. विषय जॉन सीना, पण खेळायचं त्याला हरवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांकडून, आणि सीना स्वतः आपल्या पराभवांबद्दल बोलतो. मुलगा सीनाचा भक्त, त्यामुळे आधी रुसला. मग एकेका मॅचनंतर विचारायला लागला, "बाबा, पुढच्या वेळी त्याने काय केलं?" ठाणेकर दादा, मुलाला मायजीएम शिकवायचंय. पहिल्या ड्राफ्टमध्ये कोण घ्यावेत, नावानिशी लिहाल का?

ठाण्याहून
लिहितो ना. ड्राफ्टमध्ये आधी एक फायटर आणि एक ब्रूझर उचला, एक चांगला, एक खलनायक. हीच तुमची पहिली दुश्मनी. त्यानंतर महिलांमधली अशीच एक जोडी, आणि उरलेल्या पैशांत स्वस्तातले क्रूझर. नावं मात्र मुलाला निवडू द्या. सीना मिळत असेल तर तो घेणारच.