नॅरोगेजच्या प्रतिकृतीतील रूळ खरा कसा दिसेल?

इतवारीकर, नागपूर
नमस्कार. इतवारी ते नागभीड हा नॅरोगेज मार्ग २०१९ मध्ये गेज-रूपांतरासाठी बंद झाला. लहानपणी त्या गाडीने आजोळी जात असल्यामुळे, त्या धर्तीच्या एका लहान स्थानकाची प्रतिकृती १:८७ या प्रमाणात करावयास घेतली आहे. मूळ गेज (दोन रुळांमधील अंतर) ७६२ मिमी, म्हणजे या प्रमाणात ८.७६ मिमी, म्हणून एन गेजचा (लहान प्रतिकृती-गाड्यांचा) ९ मिमीचा तयार रूळ प्लायवूडवर बसवला. गाडी उत्तम धावते, परंतु रूळ दुरून पाहिलेल्या ब्रॉडगेजसारखा दिसतो आणि विकतची गिट्टी पसरल्यावर तर तो अधिकच परका वाटू लागला. नेमके काय चुकते आहे?

सांधेवाला
मुख्य दोष स्लीपरचा, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचा आहे. एन गेजचा रूळ साधारणपणे १:१६० या प्रमाणासाठी घडवलेला असल्याने त्याचे स्लीपर बारीक असतात आणि फार दाटीने बसवलेले असतात. आपल्याकडील ७६२ मिमी मार्गाचा लाकडी स्लीपर ५ फूट लांब व ७ इंच रुंद असे. १:८७ मध्ये तो साडेसतरा मिमी लांब आणि दोन मिमी रुंद होतो. काडेपेटीतील लाकडी काडीची जाडी जवळपास तेवढीच असते, त्यामुळे गुल आणि त्यालगतचा मेणाचा भाग कापून टाकल्यास (मेणावर रंग बसत नाही) उरलेल्या काडीतून स्लीपर काढता येतो. दोन स्लीपरच्या मध्यांमधील अंतर मुळात पाऊण मीटर धरले, तर ते साडेआठ मिमी ठेवावे लागेल. दर पाचवा स्लीपर सर्किट बोर्डाच्या पट्टीचा करून त्यावर रूळ झाळावा. त्याआधी पट्टीवरील तांब्याचा थर मधोमध छेदावा, नाहीतर शॉर्टसर्किट होईल.

रूळ कोणत्या उंचीचा आहे, तेही सांगावे.

इतवारीकर
कोड ८०.

सांधेवाला
मग तोही बदलावा. कोड ८० म्हणजे इंचाचे ८० सहस्रांश, अर्थात २.०३ मिमी उंची, प्रत्यक्षात सुमारे १७७ मिमी; आज मुख्य मार्गांवर वापरला जाणारा मीटरला ६० किलो वजनाचा रूळसुद्धा १७२ मिमी उंच असतो! कोड ४० घेतल्यास ही उंची सुमारे ८८ मिमी होते आणि नॅरोगेजचा हलकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. आपल्या गाडीच्या चाकांची रुळाच्या आतल्या बाजूस उतरणारी कड खोल असेल, तर कोड ५५ वर थांबावे.

मोतीबागेजवळचा
गिट्टीविषयी थोडे. ५० मिमीचा खडा १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो, त्यामुळे विकतच्या गिट्टीतील दीड-दोन मिमीचे खडे धोंड्यांसारखे दिसणारच. शिवाय लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर गिट्टीचा नीटस बांध मला खरा वाटत नाही. तेथे स्लीपर मुरमात अर्धे बुडालेले आणि कडेला तरोटा माजलेला दाखवावा. मुरूम वाळवून, चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावा आणि त्यावरून लोहचुंबक अनेक वेळा फिरवावे. हे अजिबात टाळू नये, कारण आपल्या बेसॉल्टच्या मुरमात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून तिची नासाडी करतात. मुरूम पसरल्यावर आधी पाण्यात थोडे स्पिरिट घालून फवारा मारावा, नंतर निम्मे पाणी घातलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलणाऱ्या पट्ट्यांपाशी मात्र कोरडाच मुरूम अगदी विरळ भुरभुरावा आणि तेथे फेव्हिकॉल पोहोचू देऊ नये.

रुळाच्या बाजूंना मातकट तपकिरी रंग द्यावा व माथा घासून चकचकीत ठेवावा. इंजिन जेथे थांबते, तेथे दोन रुळांच्या मधोमध काळसर तेलकट डाग हवाच.

सांधेवाला
एक राहिले. हिवाळ्यात रूळ बसवत असाल, तर जोडांत फट सोडावी. ३० अंशांच्या फरकाने एक मीटर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत एवढा फरक सहज पडतो.