जुन्या बॉबरला परत फॅक्टरी रूप द्यायचं का? माझं मत: अजिबात नको

फटफटीवाला:
दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. अमेरिकेतल्या एकाने 1942 ची हार्ली-डेव्हिडसन कंपनीची डब्ल्यूएलए मोटारसायकल घेतली, मूळ लष्करी गाडी, पण युद्धानंतर कुणीतरी तिचं बॉबर केलेलं होतं, म्हणजे पुढचं मडगार्ड काढून टाकलेलं, मागचं अर्धं कापलेलं, टाकीवर ब्रशने हाताने ओढलेल्या रेघा आणि त्याही आता फिकट झालेल्या. या माणसाने ते सगळं उतरवलं, नवी मडगार्डं बसवली, हिरवा लष्करी रंग मारला आणि रिस्टोअर केली म्हणून फोटो टाकले. लोक वाहवा करतायत. मला मात्र वाड्यातली भिंतीवरची चित्रं चुन्याने बुजवल्यासारखं वाटलं.

लष्करी हार्ल्या युद्धात सुमारे 90,000 बनल्या. त्या रूपातली गाडी आजही म्युझियममधे, मेळाव्यात बघायला मिळते. पण युद्धावरून परतलेल्या एखाद्या पोराने लष्कराने लिलावात काढलेली गाडी स्वस्तात घेऊन स्वतःच्या हाताने कापली आणि ती तशीच सत्तर-ऐंशी वर्षं टिकली, अशा किती उरल्या असतील? तो काप हाच त्या गाडीचा इतिहास आहे. तुम्हाला काय वाटतं?

ओरिजिनल_प्रेमी:
स्पष्ट सांगतो, पटलं नाही. गाडी ज्यांनी डिझाईन केली त्यांनी मडगार्ड विचार करून लावलं होतं. उद्या कुणी तांब्याच्या जुन्या बंबाची तोटी कापली आणि पन्नास वर्षं गेली तर ती तोडफोड वारसा होते का? काळ गेला म्हणून चूक बरोबर ठरत नाही. त्या माणसाने गाडीला तिचं मूळ रूप परत दिलं, मी तर त्याचं कौतुकच करीन.

सॅनहोजेकर:
मी कॅलिफोर्नियात बारा वर्षं आहे, माझ्या घरापासून हॉलिस्टर तासाभरावर, जिथे 1947 च्या 4 जुलैला मोटारसायकलवाल्यांचा तो गाजलेला गोंधळ झाला. इकडच्या शोमधे अशा गाड्या जवळून बघितल्यात म्हणून सांगतो, ओरिजिनल_प्रेमी साहेब, ती तोडफोड नव्हतीच. 1933-34 च्या सुमारास अमेरिकेत क्लास सी नावाची शर्यत सुरू झाली, नियम असा की शोरूममधे मिळते तीच गाडी, साइड व्हॉल्व्ह इंजिन (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) असेल तर 750 सीसीपर्यंत. बरेच जण गाडी चालवतच मैदानावर यायचे, तिथे हेडलाईट आणि पुढचं मडगार्ड उतरवायचे, रेस करायचे, परत लावून घरी जायचे. मग काहींनी परत लावणंच सोडलं. डब्ल्यूएलएचं वजन 245 किलोच्या आसपास, इंजिनाची ताकद पंचवीस घोड्यांच्या आत, मग वेग वाढवायला सगळ्यात स्वस्त उपाय कुठला? वजन कमी करा. नावही तिथूनच आलंय, शेपूट छाटलेल्या घोड्याला बॉबटेल म्हणतात, तसं शेपूट छाटलेलं मडगार्ड. त्या वेळी लोक बॉब जॉब म्हणायचे.

आणि एक बारीक गोष्ट. हार्लीच्या मागच्या मडगार्डला बिजागरी असायची, टायर काढायला मागचा तुकडा वर उचलता यायचा. त्यामुळे कित्येकांनी कापलंही नाही, तो तुकडा नुसता काढून ठेवला. याच्यात गाडीची नासाडी कुठे आली?

गॅरेजातला_मन्या:
मी पेशाने फिटर आहे, दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं बोलतो. जुनी बॉबर म्हणून आज जे विकलं जातं ना त्यातलं निम्मं कालचं असतं असा माझा संशय आहे. रंग मीठाच्या पाण्याने गंजवतात, सीटचं लेदर उन्हात टाकून तडकवतात. आणि हार्लीच्या फ्रेमवर 1970 च्या आधी कंपनीचा नंबरच नसायचा, नंबर फक्त इंजिनावर. म्हणजे एक जुनं इंजिन मिळवा, भोवती नवी फ्रेम आणि नवे पार्ट जमवा, झाली तुमची सत्तेचाळीसची बॉबर. त्यावर लोक लाखो रुपये ओततात. फॅक्टरी रूपात निदान काय बरोबर काय चूक हे पुस्तकात बघून तपासता तरी येतं.

फटफटीवाला:
मन्यादादा, फसवणुकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण नकली नाणी निघतात म्हणून कुणी शिवराई वितळवत नाही. उलट म्हणूनच खरी सापडली तर तिला हात लावू नये, कारण एकदा सॅन्डब्लास्ट केलं, म्हणजे वाळूचा मारा करून रंग-गंज खरवडला की जुन्या वेल्डिंगच्या खुणा, रंगाचे थर, सगळा पुरावाच गेला, मग तपासणार कशावरून? जुने फोटो, मूळ घरातल्या लोकांनी सांगितलेलं आणि गाडीच्या अंगावरची झीज, एवढ्यावरच तर ओळख ठरते.

ओरिजिनल_प्रेमी:
बरं, शर्यतीसाठी कापली हे समजलं. पण मला मुख्य भीती वेगळीच आहे. तुम्ही या कापलेल्या गाड्यांचं जेवढं कौतुक कराल तेवढी नवी पोरं चांगल्या, पूर्ण, शाबूत गाड्या कापायला घेतील. आमच्या ओळखीत एकाने साठच्या दशकातली चालू कंडिशनची बुलेट घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ग्राइंडर चालवला. ती दोन्ही मडगार्डं भंगारात गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. ती पत्र्याची जाडी, तो घाट आता मिळत नाही हो. त्या पोराला विचारलं तर म्हणे अमेरिकेत असंच करतात.

फटफटीवाला:
याच्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, एक अक्षरही वेगळं नाही. 1947 ला ती गाडी चार-पाच वर्षं जुनी होती आणि लिलावात ढिगाने पडलेली. आज तीच गाडी कापणं म्हणजे वेगळंच पाप. ज्याला बॉबर चालवायचीच हौस आहे त्याने जावा पेराक घ्यावी, किंवा 2024 ला गोव्यात लाँच झालेली रॉयल एनफिल्डची गोअन क्लासिक, शोरूममधूनच छाटलेली मिळते. जुनी शाबूत गाडी शाबूत ठेवा, आणि जुनी कापलेली कापलेलीच ठेवा. माझं म्हणणं एवढंच.

सॅनहोजेकर:
अजून एक, बॉबर आणि चॉपरची लोक सरमिसळ करतात. चॉपरमधे बहुतेक वेळा फ्रेमच कापून पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, लांब आणि तिरका करतात, ते नंतरचं, साठ-सत्तरच्या दशकातलं प्रकरण. युद्धानंतरच्या बॉबरमधे फ्रेम सहसा कंपनीची तशीच राहायची, काढलं ते वरवरचं.

माहेरची_येझदी:
ब्रेकचं कुणीच बोललं नाही? जुन्या फोटोंमधे कितीतरी बॉबरना पुढे ब्रेकच दिसत नाही, क्लच पायात, गिअर हाताने टाकायचा. माझे वडील तीस वर्षं मोटारसायकल चालवत होते आणि एका पावसाळ्यात त्यांचा पाय मोडला तो मागचा ब्रेक धरल्यावर गाडी घसरून. म्हणून मला या प्रकाराचं फार कौतुक नाही वाटत. बघायला ठेवा, रस्त्यावर नको.

गॅरेजातला_मन्या:
ताई बरोबर बोलल्या. पुढच्या ब्रेकला माझ्याकडे तडजोड नाही.

रंकाळ्याचा_राजा:
लई भारी चर्चा चाललीया. माझा प्रश्न घरचाच हाय. आमच्या काकानं 1974 ची येझदी घेतली हुती, आणि 1980 च्या सुमारास गावच्या वेल्डरकडनं मागचं मडगार्ड आखूड करून घेतलं, हँडल बदललं, टाकीवर पेंटरकडनं अंबाबाईचं नाव लिवून घेतलं. काका गेला. गाडी आता माझ्याकडं. भाऊ म्हणतोय पहिल्यासारखी करू आणि विंटेजमधे नोंदवू, पन्नास वर्षं झाल्यात. काय करू?

गॅरेजातला_मन्या:
2021 चा विंटेजचा नियम वाचून घे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको असं त्यात आहे. आखूड मडगार्ड त्यात बसतं का हे आरटीओतच विचार, मी छातीठोक सांगणार नाही.

ओरिजिनल_प्रेमी:
बघा, म्हणजे कायदाही मूळ रूपच मानतो.

फटफटीवाला:
कायदा मानतो हे खरंय, आणि मला तिथेच तो अपुरा वाटतो. युद्धातल्या हार्ल्यांच्या मागे सांगाडा जोडून दिल्लीत फटफटी करायचे, सहा-आठ माणसं बसायची, दशकानुदशकं चालल्या त्या. उद्या त्यातली एखादी कुठे सापडली तर सांगाडा तोडून तिची लष्करी मोटारसायकल करायची का? मग दिल्लीची ती सगळी वर्षं कुठे ठेवायची?

राजा, भावाला म्हणावं, मडगार्ड बाजारात शोध, मिळालं तर घेऊन माळ्यावर ठेव, लागलंच तर बोल्टने बसवता येईल. पण काकांनी कापून घेतलेलं मडगार्ड भंगारात देऊ नको. आणि टाकीला पॉलिश पेपर तर लावूच नको, ज्या पेंटरने ते नाव लिहिलं तो अजून गावात असेल तर आधी त्याला गाठ, त्याच्याकडून गाडीची सगळी हकीकत लिहून घे.

रंकाळ्याचा_राजा:
पेंटर हायत अजून, म्हातारं झाल्यात. उद्याच जातो.