मदत हवी आहे: ठिणगी, पेट्रोल आणि दाब तिन्ही असूनही चेतक सुरू होत नाही

सांगलीकर

नमस्कार. आमच्याकडे वडिलांची १९८८ सालची बजाज चेतक आहे. गाडी टू-स्ट्रोक, १४५ सीसीची आणि सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणारी आहे, म्हणजे नंतरच्या गाड्यांसारखी इलेक्ट्रॉनिक नाही. पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि त्यानंतर प्लगला ठिणगीच येत नव्हती. म्हणून ती जवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्यांनी मॅग्नेट (इंजिनासोबत फिरणारे, चुंबक बसवलेले जड चाक) काढून पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे बसवले, गाडी तिथल्या तिथे दुसऱ्या किकला सुरू झाली आणि मी ती चालवत घरी निघालो. वाटेत चौकाजवळ वेग कमी करण्यासाठी मूठ सोडली, तेव्हा ती खटकन बंद पडली आणि तेव्हापासून काही केल्या सुरू होत नाही.

आतापर्यंत जे तपासले ते सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली असता ठिणगी निळी आणि स्पष्ट दिसते. प्लग बदलून पाहिला, फरक नाही. बाहेर काढलेला प्लग दर वेळी ओला असतो, म्हणजे पेट्रोल आत पोहोचते आहे. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली तर अंगठा जोरात उडतो. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावरून सोडली तर फट्-फट् असे एक-दोन आवाज येतात आणि गाडी गचके देऊन थांबते. अधूनमधून किक तळपायावर उलटी येते आणि त्या वेळी पाय चांगलाच झिणझिणतो. आणखी एक गोष्ट अशी की एअर फिल्टर काढून पाहिला तेव्हा तो पेट्रोलने भिजलेला होता.

मेकॅनिक म्हणतात की बोअर-पिस्टन संपले आहेत, इंजिन खाली उतरवावे लागेल. इतका खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

दोनटक्के

इंजिन एवढ्यात उतरवू देऊ नका. अंगठा उडतो आहे म्हणजे बोअर इतका वाईट नाही की गाडीने एकदाही पेट घेऊ नये.

माझा पहिला संशय पेट्रोलवर आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. टाकीत बराच काळ उभ्या राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात आणि कॉक उघडल्यावर सर्वांत आधी तेच कार्बोरेटरमध्ये उतरते. शिवाय उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे नुसते टू-टी ऑइल चिकट होऊन राहते. त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी करा, नवे पेट्रोल लिटरला २० मिली ऑइल या प्रमाणात मिसळून घाला आणि जेट हवेने फुंकून घ्या. जेटमध्ये तार घालू नका, त्याने भोक मोठे होते.

दुसरा संशय फ्लोटच्या निडलवर, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर. भिजलेला एअर फिल्टर पाहता ती नीट बसत नसावी. चेतकचा कार्बोरेटर क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँक ज्यात असतो त्या पेटीच्या, डोक्यावरच बसलेला असल्यामुळे कॉक उघडा राहिला आणि निडल गळत असली तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये साचते, मग कितीही किका मारा, प्लग ओलाच होणार. अशा वेळी कॉक बंद करायचा, प्लग काढायचा, मूठ पूर्ण पिळून धरायची आणि आतले पेट्रोल उडून जाईपर्यंत किक मारत राहायचे. मग कोरडा प्लग लावून, चोक न ओढता प्रयत्न करावा.

गाडी तिरकी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तूर्त तो ऐकू नका. ज्या इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे त्याला तिरके केल्याने दोन थेंब जास्त मिळतात, तुमच्या इंजिनात आधीच पूर आहे.

धुरकट

सायलेन्सर पाहिला का? टू-स्ट्रोकमध्ये जळलेले ऑइल सायलेन्सरच्या नळीत कार्बन होऊन साठते, आणि बाहेर जायला वाट नसली की नवी हवाही आत येत नाही. त्यातून तुमची गाडी पावसाळाभर उभी होती, म्हणजे कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी मातीचे घर केले असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे कोकणात हे दरवर्षी घडते. सिलिंडरजवळचा क्लॅम्प सैल करून सायलेन्सर थोडा मागे सरकवा आणि किक मारा. आवाज मोठा होईल, पण दोष तिथे असेल तर गाडी लगेच पेट घेईल.

सांगलीकर

दोघांचेही आभार. टाकी रिकामी करून नवे पेट्रोल घातले, जेट फुंकले, निडल नवी बसवली आणि क्रँककेस सांगितल्याप्रमाणे कोरडा केला. सायलेन्सर सैल करूनही पाहिला, त्यात कार्बन बराच निघाला, माशीचे घर मात्र नव्हते. गिअरच्या ऑइलचा वास घेऊन पाहिला, त्याला पेट्रोलचा वास नाही. एवढे होऊनही परिस्थिती जैसे थे आहे. फरक एवढाच की आता कोरड्या प्लगला पहिल्या किकेलाच उलटा झटका बसतो. एअर फिल्टर पुन्हा भिजला आहे, नवी निडल असतानाही.

गॅरेजवाला

तुम्ही पहिल्याच लेखनात उत्तराचे तीन धागे देऊन ठेवले आहेत: मॅग्नेट काढल्यानंतर गाडी बिघडली, मूठ सोडल्यावर खटकन बंद पडली आणि किक उलटी येते. नवी निडल घालूनही फिल्टर भिजतो, हा चौथा. माझ्या मते ठिणगी पडते आहे, पण चुकीच्या वेळी पडते आहे.

पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. ती फार लवकर पडली तर पिस्टन वर चढत असतानाच स्फोट होतो आणि क्रँक उलटा फिरतो, तोच झटका तुमच्या पायाला बसतो. आता फिल्टर का भिजतो ते पाहा. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेण्याचे दार म्हणजे क्रँकचीच एक बाजू असते, आणि ते दार पिस्टन वर जाताना उघडे राहील अशा बेताने कापलेले असते. क्रँक उलटा फिरला की तेच दार पिस्टन खाली येताना उघडते, आणि क्रँककेसमधले मिश्रण कार्बोरेटरमधून मागे फवारले जाते. दोनटक्के यांनी सांगितलेली निडल दुसऱ्या गाडीत नक्की दोषी ठरली असती. (टू-स्ट्रोक इंजिन कधीकधी असे उलटेच सुरू होते आणि पहिला गिअर टाकल्यावर गाडी मागे जाते. अनुभवी माणूससुद्धा त्या वेळी दचकतो.)

मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसते आणि त्याची जागा एक छोटी हाफ मून की (अर्धचंद्राच्या आकाराचा धातूचा तुकडा) ठरवते. मॅग्नेट घट्ट धरून ठेवण्याचे काम मात्र त्या कीचे नाही, ते निमुळत्या टोकाचे आणि नटाचे आहे. नट कमी कसलेला राहिला, तर मूठ सोडल्यावर क्रँकचा वेग एकदम पडतो, पण जड मॅग्नेट आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते आणि की कापली जाते. पॉइंट उघडणारा कॅम मॅग्नेटलाच असल्याने मॅग्नेट पुढे सरकले की ठिणगीही लवकर पडते. आता कोणी विचारेल की मग ठिणगी निळी कशी. कॅम, पॉइंट आणि कॉइल यांचे आपसातले नाते बदलत नाही, त्यामुळे ठिणगीच्या जोरावर काहीही परिणाम होत नाही. म्हणूनच ठिणगी चांगली दिसते म्हणून माणसे इकडे फिरकत नाहीत आणि बोअर-पिस्टनवर जातात.

मॅग्नेट न काढताही खात्री करता येते. प्लग काढून भोकात बॉलपेनची रिकामी रिफिल घाला, म्हणजे पिस्टन कुठे आहे ते कळेल. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंटच्या मध्ये विडीचा कागद किंवा तितकाच पातळ कागद अडकवा आणि मॅग्नेट हाताने, चालू इंजिन फिरते त्या दिशेने, सावकाश फिरवा. कागद हलके ओढत राहा. तो सुटला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. त्या वेळी पिस्टन अगदी वरच्या टोकापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली असायला हवा. त्याहून बराच खाली असेल तर पुलर लावून मॅग्नेट काढा. त्यावर हातोडा चालवू नका, त्याने मॅग्नेटची ताकदही जाते आणि क्रँकही वाकतो.

सांगलीकर

रिफिलने तपासले. कागद सुटला तेव्हा पिस्टन वरपासून जवळजवळ एक सेंटिमीटर खाली होता. मग दुसऱ्या एका मेकॅनिकना घरी बोलावून मॅग्नेट उघडले. नटाखालचा वॉशर नव्हताच, आणि नट पान्याच्या पहिल्या हलक्या ओढीला सुटला. कीचा खालचा अर्धा भाग क्रँकच्या खाचेत होता, वरचा अर्धा मॅग्नेटच्या खाचेत अडकून आला, आणि दोन्ही खाचा एका रेषेत धरल्या तर त्यांच्यात साधारण एका कीच्या रुंदीइतका फरक भरत होता. कापलेला पृष्ठभाग घासून आरशासारखा चकचकीत झाला आहे. क्रँकच्या निमुळत्या टोकावर एका बाजूला बारीक ओरखडेही आहेत.

नवी की बाजारात मिळाली. हे ओरखडे तसेच ठेवून मॅग्नेट बसवले तर चालेल का?

गॅरेजवाला

ओरखड्यांची उभारलेली कड बोटाला लागत असेल तर आधी अगदी बारीक पॉलिश पेपरने ती तेवढीच सपाट करा, टोकाचा आकार बदलेल इतके घासू नका. मग क्रँकचे टोक आणि मॅग्नेटची आतली बाजू दोन्ही पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी करा. इथे ग्रीस किंवा ऑइल लावण्याची अनेकांना सवय असते, ती इथे नको, कारण पकड याच दोन कोरड्या पृष्ठभागांची आहे. की खाचेत नीट खाली बसली आहे ना, ते मॅग्नेट ढकलताना पाहा. ती उचलली गेली तर मॅग्नेट वाकडे बसते आणि पंख्याच्या कव्हरला घासते. वॉशर घालून नट पूर्ण ताकदीने कसा.

बसवण्यापूर्वी कापलेल्या कीचे कण मॅग्नेटच्या आतल्या चुंबकांना चिकटलेले नाहीत ना, हे उजेडात पाहून घ्या, नाहीतर ते कॉइल खरवडतात.

सांगलीकर

गाडी सुरू झाली. तिसऱ्या किकेला पेट घेतला, आधी साठलेल्या ऑइलचा भरपूर धूर निघाला आणि मग इंजिन एकसारखे चालू लागले. किकही आता उलटी येत नाही. बोअर-पिस्टनला हात लावलेला नाही. पॉइंटची फट फीलर गेजने ०.४ मिमी ठेवली आहे. ती ठीक आहे ना?

गॅरेजवाला

ठीक आहे, ०.३ ते ०.५ मिमी या हद्दीत कुठेही चालते. मात्र नव्या पॉइंटची कॅमवर टेकणारी फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते आणि फट आपोआप कमी होते, त्यामुळे पाचेकशे किलोमीटरनंतर ती पुन्हा मोजा आणि त्याच वेळी नटही एकदा तपासून घ्या. कॅमला टेकणाऱ्या फेल्टच्या तुकड्यावर ग्रीसचा एक ठिपका पुरे. जास्त झाले तर ते उडून पॉइंटवर बसेल आणि मग खरोखरच ठिणगी जाईल.

धुरकट

सायलेन्सरमधून बराच कार्बन निघाला असे म्हणालात, तेव्हा हेड उघडण्याची वेळ येईल तेव्हा सिलिंडरचे एक्झॉस्ट भोकही खरवडून घ्या. पिस्टन पूर्ण खाली ठेवून लाकडी पट्टीने खरवडायचे, लोखंडी पात्याने नाही.

सांगलीकर

दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. धागा सोडवला म्हणून बंद करतो, मात्र कोणाच्या गाडीत हाच दोष दिसला तर प्रश्न याच धाग्यात विचारावा, म्हणजे रिफिलने तपासण्याची पद्धत पुन्हा लिहावी लागणार नाही.