लेपर्ड गेकोची अंडी इन्क्युबेटरशिवाय उबवता येतील का?

प्रश्न : आमच्या लेपर्ड गेको (पाळली जाणारी ठिपकेदार पाल) मादीने ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) दोन अंडी घातली आहेत. इन्क्युबेटर घेणे सध्या शक्य नाही. घरातल्या साहित्यावर ती उबवता येतील का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : येतील. मात्र अंडी ज्या स्थितीत आहेत त्याच स्थितीत उचलावीत आणि वरच्या बाजूस पेन्सिलीने हलकी खूण करावी, कारण गर्भ कवचाला आतून चिकटल्यावर अंडे उलटले, तर तो दगावू शकतो. झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे हलके, दाणेदार खनिज) आणि पाणी समान वजनाने कालवून त्यात अंडी अर्धी रुतवावीत. थर्माकोलच्या खोक्यात थोडे पाणी, त्यात माशांच्या टाकीचा हीटर आणि पाण्याच्या वर, विटेच्या आधाराने हा डबा, एवढ्यावर काम भागते.

दुसरे उत्तर : हीटरवरच्या आकड्यावर मुळीच विसंबू नये, अंड्यांशेजारी स्वतंत्र तापमापक हवाच. सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या, तर ३२ च्या आसपास बहुतांशी नर निपजतात. त्याहून फार वर गेल्यास अंडी वाया जाण्याचा धोका असतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एका अंड्याला खळगा पडला आहे; ते टाकून द्यावे का?

उत्तर : इतक्यात नको. ओलावा कमी पडला की असे होते. अंड्याच्या कडेने थोडे कोमट पाणी सोडावे, अंड्यावर नव्हे. काही दिवसांनी अंधारात, अंडे न हलवता, बारीक बॅटरी धरून पाहावे. लालसर शिरा दिसल्या तर ते जिवंत आहे.