मदत हवी आहे : खंडणी की आणखी काही?

अमेरिका आणि त्रिपोली (उत्तर आफ्रिकेतील, आजच्या लिबियातील तेव्हाचे राज्य) यांच्यातील १८०१ ते १८०५ च्या युद्धावर लेख लिहिताना एका शब्दापाशी अडलो आहे. त्रिपोलीचा शासक युसुफ पाशा याने अमेरिकी जहाजांवर हल्ले न करण्यासाठी वाढीव रक्कम मागितली आणि ती न मिळाल्याने मे १८०१ मध्ये अमेरिकी वकिलातीचा ध्वजस्तंभ तोडवला. ती रक्कम निःसंशय ‘खंडणी’ होय. परंतु खडकावर रुतलेल्या ‘फिलाडेल्फिया’ या अमेरिकी युद्धनौकेवरील तीनशेच्या आसपास कैदी सोडवण्यासाठी १८०५ च्या तहात दिलेल्या ६०,००० डॉलरनाही आपण खंडणीच म्हणतो, त्यामुळे नवख्या अमेरिकेने जे नाकारले तेच अखेर दिले, असा (माझ्या मते अन्यायकारक) अर्थ निघतो. ‘मुक्तिधन’ कृत्रिम वाटते. जुन्या पत्रव्यवहारात रुळलेला एखादा शब्द जाणकारांनी कृपया सुचवावा.