कोजागिरीचं ते इंग्रजी गाणं

देशपांडेकाकू, ए-१०३: सुप्रभात. कालच्या कोजागिरीबद्दल. दूध छान झालं होतं, मुलांनी गच्ची सुंदर सजवली होती, त्याबद्दल सगळ्यांचं कौतुकच आहे. पण गोखल्यांच्या मुक्ताने गिटारवर जे इंग्रजी गाणं म्हटलं, त्याचे शब्द कोणी नीट ऐकले का? पुलावरून उडी टाकून जीव दिलेल्या मुलाचं गाणं होतं ते. सणाच्या रात्री, लहान मुलं पुढे बसलेली असताना. आणि तेही आपल्या सोसायटीत. याहून जास्त मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

शिंदे (सचिव): सर्व सभासदांना नम्र विनंती. सांस्कृतिक कार्यक्रमातील गाण्यांची यादी आठ दिवस आधी समितीकडे द्यावी, असा ठराव मागच्या वार्षिक सभेत झालेला आहे. कृपया सहकार्य करावे.

साळवीताई, बी-३०३: दूध आटवायला दिलेलं माझं मोठं पितळी पातेलं कोणाकडे आहे? कल्हईचं आहे, काठावर सासूबाईंचं नाव आहे.

निनाद, सी-१०४: गाणं जबरदस्त होतं. मला फक्त एक कळलं नाही. ती मुलगी आणि तो मुलगा पुलावरून काहीतरी टाकतात ना? काय टाकतात?

कदम, ए-२०१: मला तर चाल ऐकून प्रेमगीत वाटलं 😄 मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गोखलेताई, सी-३०१: काकू, मुक्ता काल गच्चीवर तुमच्या शेजारीच बसली होती. तिला तिथेच विचारलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी उठल्या उठल्या सगळ्या ग्रुपसमोर पोरीचं नाव घ्यायची गरज नव्हती.

देशपांडेकाकू: ताई, नाव घेतलं म्हणजे आरोप केला असं नाही. पोर गुणी आहे, मी तिला दुपट्यात असल्यापासून बघते आहे. मी गाण्याबद्दल बोलते आहे.

पटवर्धनकाका, ए-४०२: गाण्याबद्दल बोलायचं असेल तर मी दोन शब्द लिहितो. 'ओड टू बिली जो'. बॉबी जेंट्री या गायिकेने स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं. १० जुलै १९६७ ला हॉलीवूडमध्ये कॅपिटल कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. ती मूळची मिसिसिपीतल्या चिकासॉ काउंटीची. लहानपण आजी-आजोबांच्या शेतावर गेलं. नात गाण्यातली आहे हे ओळखून आजीने दुभती गाय देऊन शेजाऱ्यांचा पियानो घेतला होता. पुढे ती कॅलिफोर्नियात गेली, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकली, संगीत शिकली. कंपनीचा मूळ बेत हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकायचा होता. पुढच्या बाजूचं गाणं वेगळंच होतं, 'मिसिसिपी डेल्टा'.

कदम: काका, तुमच्या दोन शब्दांत आमचा चहा झाला 😄

पटवर्धनकाका: अजून संपलं नाही. वाद्यमेळ बांधायला जिमी हॅस्केल होता. त्याला सांगण्यात आलं की मागच्या बाजूचं गाणं आहे, तसंही कोणी ऐकणार नाही, थोडी तंतुवाद्यं घाल म्हणजे झालं. कोणी ऐकणार नाही म्हटल्यावर त्याने मनासारखं काम केलं. चार व्हायोलिन आणि दोन चेलो, बस्स. ढोल नाही, ताशा नाही. तिची गिटार आणि तिचा तो जरासा घोगरा आवाज आधीच मुद्रित झालेला होता, त्याच्या मागे ही वाद्यं चालतात. अगदी शेवटी मुलगी पुलावरून फुलं सोडते, तेव्हा ती सगळी वाद्यं घसरत घसरत खाली येतात. ती जागा हेडफोन लावून ऐका. फुलं पाण्याकडे जाताना दिसतात.

निनाद: फुलं शेवटी. पण आधी काय टाकलं?

शिंदे (सचिव): पुन्हा एकदा विनंती. गाण्यांची यादी आठ दिवस आधी समितीकडे द्यावी.

गोखलेताई: शिंदेसाहेब, ज्यांच्याकडे कार्यक्रम होता त्यांच्याकडे यादी दिली होती. त्यात गाण्याचं नाव होतं. कोणी वाचली नाही.

कदम: ठरावाचा विषय निघालाच आहे तर पाहुण्यांच्या गाड्यांचाही ठराव झाला होता. काल माझ्या जागेवर पांढरी गाडी रात्री एकपर्यंत उभी होती.

साळवीताई: पातेलं 🙏

देशपांडेकाकू: पटवर्धन, तुमचा अभ्यास दांडगा, वादच नाही. पण वाद्यं किती हा माझा मुद्दाच नाही. मरणाचं गाणं एवढं चाललं, याचा तुम्हाला आनंद कसला?

पटवर्धनकाका: चाललं म्हणजे किती, तेही ऐका. २६ ऑगस्ट १९६७ ला अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, 'ऑल यू नीड इज लव्ह' या बीटल्सच्या गाण्याला खाली ढकलून. चार आठवडे तिथेच राहिलं. तिच्या अल्बमने तर बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या अल्बमला पहिल्या जागेवरून हलवलं. पुढच्या वर्षी तिला तीन ग्रॅमी, हॅस्केलला वाद्यमेळासाठी एक. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची त्या काळात, आणि हे चार मिनिटांच्या वर. बरं, पॉपच्या यादीत पहिलं आलेलं हे गाणं कंट्रीच्या, म्हणजे ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या यादीत १७ वर थांबलं, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या आर अँड बी यादीत मात्र ८ पर्यंत चढलं. कुठल्या कप्प्यात ठेवावं तेच लोकांना कळेना.

काकू, मला आनंद मरणाचा नाही. मरण या गाण्यात दिसतसुद्धा नाही. दिसतं ते जेवणाचं टेबल. शेतातून सगळे दुपारचे जेवायला येतात, आई पाय पुसून या म्हणते आणि त्याच दमात सांगते की बिली जो नावाच्या मुलाने ताल्लाहॅची नदीच्या पुलावरून उडी टाकली. बाप म्हणतो, पोराला अक्कल नव्हतीच, आणि पाव पुढे करायला सांगतो. अजून पाच एकर नांगरायचंय, हेही त्याच बोलण्यात. भाऊ सिनेमाच्या वेळची बेडकाची खोडी आठवतो आणि ॲपल पायचा, म्हणजे सफरचंदाच्या गोड पदार्थाचा, आणखी एक तुकडा मागून घेतो. आई मुलीला विचारते, तुझी भूक कुठे गेली, सकाळपासून रांधते आहे मी. मुलगी सगळं गाणं गाते, पण त्या टेबलावर तिचं स्वतःचं एक वाक्य नाही.

राऊतकाका, बी-५०१: पटवर्धन साहेब, ती पोरगी त्या दिवशी शेतात काय करून आली होती?

पटवर्धनकाका: कापसाच्या शेतात होती.

कदम: म्हणजे कापूस वेचत होती.

राऊतकाका: नाही जी. गाणं सुरू होतं ३ जूनला, असं मुक्ताबेटीने काल सांगितलं. जूनमध्ये बोंडं कुठली? ती निंदण करत असणार. रोपं दाट झाली की विरळ करायची, तण काढायचं, दिवसभर वाकून. आमचं घर यवतमाळकडचं, माझं बालपण त्यातच गेलं. उन्हातून येऊन हात धुऊन माणूस पानावर बसला की अशी बातमी यायची. वरच्या आळीतला अमका गेला, फवारणीचं औषध घेतलं. आणि ताटावर बसलेला माणूस म्हणायचा, कर्ज किती होतं? मग म्हणायचा, वरण वाढ. त्याचं मन दगडाचं होतं असं नाही. उद्या त्यालाही त्याच शेतात जायचं असे. मला काल अर्धे शब्द समजले नाहीत, पण त्या घरात काय चाललंय ते समजलं. मी मान खाली घालून बसलो होतो, ते दूध गरम होतं म्हणून नव्हे.

साळवीताई: राऊतकाका 🙏

निनाद: काका, खूप मनापासून लिहिलंत. मुक्ता, आता तरी सांग. अंगठी टाकली का? गूगलवर कोणी म्हणतं अंगठी, कोणी म्हणतं फुलं, कोणी तर तान्हं बाळ म्हणतंय.

मुक्ता, सी-३०१: निनाददादा, सांगता येणार नाही, कारण गाण्यातच नाही. पाद्र्याला जेवायला यायचं असतं, तो सांगून जातो की तुझ्यासारखी दिसणारी एक मुलगी बिली जोबरोबर पुलावरून काहीतरी टाकताना दिसली. एवढंच. बॉबी जेंट्रीला आयुष्यभर हेच विचारलं गेलं. ती म्हणायची की ती वस्तू महत्त्वाची नाही, ती फक्त त्या दोघांमधला धागा आहे. तिला दाखवायचा होता तो त्या घरचा नकळत झालेला क्रूरपणा. १९७६ मध्ये या गाण्यावर सिनेमा निघाला, त्यात कारण दाखवलं, वस्तूही दाखवली. माझ्या मते गाण्याचं त्याने नुकसान झालं. कारण कळलं की माणूस सुटतो. गाणं सुटू देत नाही.

वाजवतानाही तेच होतं. पाच कडवी, ध्रुपद नाही. गिटारवर मुख्य स्वरमेळ (कॉर्ड) आहे तो 'डी सेव्हन', जो कानाला सारखा पुढे ढकलतो, आता घरी पोचू असं वाटतं आणि पोचत नाही. ती छोट्या बांध्याच्या मार्टिन गिटारवर वाजवायची. माझी मोठी आहे म्हणून मी तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज कोरडा केला. घुमला की ते गोड होतं, आणि गोड झालं की खोटं वाटतं.

देशपांडेकाकू: मुक्ता, तू हुशार आहेस, छान समजावलंस. पण बाळा, तुला एवढं कळतं तर बी-२०४ ची खिडकी गच्चीच्या जिन्यालगत आहे, हे नाही सुचलं? दीड वर्षही झालं नाही. मी काल गाणं ऐकत नव्हते, त्या खिडकीकडे बघत होते. दिवा लागलेला होता.

शिंदे (सचिव): सभासदांच्या वैयक्तिक बाबी कृपया ग्रुपवर आणू नयेत. गाण्यांची यादी आठ दिवस आधी समितीकडे द्यावी.

गोखलेताई: काकू, मग दीड वर्षात त्या खिडकीच्या आत कोण कोण गेलं, तेही लिहा.

कदम: ताई, हे बरोबर नाही. काकूंनी तेराव्यापर्यंत डबे दिले होते.

गोखलेताई: तेराव्यापर्यंत. मीसुद्धा तेराव्यापर्यंतच. मी एकट्या काकूंना म्हणत नाहीये.

मुक्ता: आई, थांब. काकू, मी मागच्या आठवड्यात बी-२०४ मध्ये गेले होते. त्यांना गाणं वाजवून दाखवलं, सगळा अर्थ सांगितला, आणि विचारलं की म्हणू की नको. नको म्हणाल्या असत्या तर 'शारद सुंदर चंदेरी राती' म्हटलं असतं, तेही बसवून ठेवलं होतं. त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा वाजवायला सांगितलं. ते वर्षभरानंतरचं, भाऊ लग्न करून दुसरीकडे दुकान काढतो, बाप साथीत जातो, आईला काही करावंसं वाटत नाही. मग म्हणाल्या, म्हण. आणि खिडकी उघडी ठेवते म्हणाल्या.

निनाद: 🙏

साळवीताई: मला हे माहीत नव्हतं.

कदम: मुक्ता, हे काल गच्चीवर सांगितलं असतंस तर सकाळपासूनचं रामायण टळलं असतं.

मुक्ता: ते त्यांचं होतं कदमकाका, माझं नव्हतं सांगण्यासारखं. आज काकूंच्या मनात दुसरंच राहू नये म्हणून एवढं लिहिलं.

देशपांडेकाकू: आणखी काय म्हणाली ती?

मुक्ता: ते ग्रुपवर नाही लिहिणार, काकू.

पटवर्धनकाका: एक राहून गेलं. बातमीतली नदी खरी आहे. मिसिसिपीत मनी नावाचं गाव आहे, तिथला पूल त्या गाण्याचा पूल म्हणून ओळखला गेला. १९६७ मध्येच 'लाइफ' मासिकाने जेंट्रीला त्यावरून चालताना टिपलं. १९७२ मध्ये तो कोसळला. याच गावाजवळून १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून ठार मारलं होतं, आणि त्याचा देह याच ताल्लाहॅचीत सापडला. गाण्यात त्याचा उल्लेख नाही. पण त्या मुलखात १९६७ साली नदीत काहीतरी टाकल्याची गोष्ट ऐकताना लोकांना हे आठवलंच असेल. आणि जेंट्री स्वतः १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांसमोरून निघून गेली. मुलाखत नाही, कार्यक्रम नाही. ज्या बाईने ते गुपित गाण्यात ठेवलं, तिने स्वतःलाही तसंच ठेवलं.

कदम: पांढऱ्या गाडीचं मात्र गुपित राहू देऊ नका. ज्यांचे पाहुणे होते त्यांनी पुढे यावं.

राऊतकाका: कदम, माझा भाचा होता. गाडी तुमच्या जागेवर आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी मला हाक मारा, रात्री एकपर्यंत कशाला धुमसत बसायचं?

शिंदे (सचिव): ताल्लाहॅची म्हणजे नक्की कुठे? आणि हो, यादी आठ दिवस आधी.

निनाद: शिंदेकाका, अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी राज्यात. कापसाचाच पट्टा.

देशपांडेकाकू: मुक्ता, तू आधी जाऊन विचारलंस हे चांगलं केलंस. सणाला असं गाणं नको, हे माझं मत कायम आहे, ते कोणी बदलायला जाऊ नका. आता दुसरं. मी आज पाचला बी-२०४ मध्ये जाते आहे. डबा वगैरे घेऊन नाही, नुसतीच बसायला.

गोखलेताई: काकू, मी येऊ का तुमच्याबरोबर?

देशपांडेकाकू: ये. पण घोळका नको. बाकीच्यांनी नंतर एकेक करून जा, आणि फोन करून जा.

साळवीताई: मी बुधवारी जाते. पातेलं कोणाला सापडलं का?

गोखलेताई: अगं, ते आमच्याकडेच आहे. घासून ठेवलंय, मुक्ता आणून देते.