मालवणच्या हिरव्या पाण्यात मिररलेस न्यावा का? अॅक्शन कॅमेरा विरुद्ध मिररलेस

दांडीकिनारा:

स्कूबाचे प्रमाणपत्र हातात पडले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी अॅक्शन कॅमेरा घ्यावा, की थोडे थांबून, पैसे साठवून मिररलेस (भिंग बदलता येणारा कॅमेरा) आणि त्याचे हाउसिंग, म्हणजे जलरोधक कवच, घ्यावे? माझे मत असे आहे की ज्याचे बहुतेक डाइव्ह मालवण, तारकर्ली, निवती या पट्ट्यात होणार आहेत, त्याने मिररलेसच्या वाटेला जाऊ नये. हे मत खर्चापायी बनलेले नाही. खर्चाचा मुद्दा आहेच, कारण चांगल्या अॅल्युमिनियम हाउसिंगची किंमत पुष्कळदा आतल्या कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून जास्त असते आणि पोर्ट (भिंगासमोरची काच), लाइट, आर्म (लाइट धरणारे दांडे) हे सगळे त्यावर वेगळे. पण खर्च क्षणभर बाजूला ठेवला तरी माझे मत बदलत नाही, कारण ते आपल्या पाण्यावर बेतलेले आहे.

आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि प्लवक दोन्ही भरपूर असतात. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीचा ओढा कमी असताना, पाच ते आठ मीटरपर्यंतचे दिसले तर आपण दिवस चांगला म्हणतो, आणि उधाणाच्या आसपास दोन-तीन मीटरवर समाधान मानावे लागते. अशा पाण्यात चित्र कसे येईल हे सर्वांत आधी कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये किती पाणी आहे त्यावर ठरते, चित्र टिपणारा सेन्सर त्यानंतर येतो. अंतर कमी करायचे तर भिंग रुंद हवे आणि कॅमेरा इतका लहान हवा की तो खडकाच्या कपारीशी नेता येईल. अॅक्शन कॅमेऱ्यात हे दोन्ही गुण मुळातच आहेत.

आता सेन्सरच्या आकाराबद्दल, कारण प्रतिवाद तिथूनच येणार आहे. मिररलेसमधल्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या, सेन्सरचे क्षेत्रफळ १/१.३ इंची अॅक्शन कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या सुमारे बारापट असते हे खरे आहे. परंतु फुल फ्रेमवर रुंद भिंग लावून ते डोम पोर्टमागे, म्हणजे घुमटाकार काचेमागे, बसवले, की डोममुळे तयार होणारी वक्र प्रतिमा कोपऱ्यांपर्यंत रेखीव येण्यासाठी भिंगाचे छिद्र एफ/८ च्या आसपास लहान करावे लागते (आकडा मोठा तितके छिद्र लहान), तर अॅक्शन कॅमेरा एफ/२.८ वरच काम करत असतो. एफ/२.८ ते एफ/८ हा तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट प्रकाशाचा फरक आहे. बारापटीच्या लाभातला मोठा भाग इथेच खर्ची पडतो, आणि उरलेल्या लाभासाठी माणूस कित्येक किलोंचे ओझे होडीवर चढवतो. तेवढे पैसे दोन चांगल्या व्हिडिओ लाइटवर आणि जास्तीच्या डाइव्हवर घालावेत असे मी आग्रहाने सांगेन.

खोलपाणी:

दांडीकिनारा, आपला एफ/८ चा हिशेब बरोबर आहे, पण तो एकाच जुळणीला लागू पडतो. सरळ रेषा सरळ ठेवणारे अतिरुंद भिंग आणि मोठा डोम घेतला तर तसे होते. फिशआय भिंग (सरळ रेषा वाकवणारे अतिरुंद भिंग) वक्र प्रतिमेशी पुष्कळ जुळवून घेते, आणि सपाट पोर्टवर पाण्यातच चढवता-उतरवता येणारी वेट लेन्स वापरली तर एफ/५.६ वर उत्तम चित्र मिळते. शिवाय व्हिडिओत चौकटीच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा नुसते पाणी असते. छायाचित्रकाराला कोपऱ्याची जी चिंता असते ती चित्रीकरण करणाऱ्याने तेवढी करण्याचे कारण नाही, आणि प्रत्यक्षात अनेक जण एफ/४ वरही काम करतात.

आपण अॅक्शन कॅमेऱ्याच्या बाजूने रुंदी सांगितली, पण पाण्याने तिचा किती घास घेतला तेही सांगायला हवे. सपाट काचेमागून पाण्यात पाहिले की पाण्याच्या १.३३ या अपवर्तनांकामुळे दृष्टिक्षेत्र साधारण पाव भागाने आकसते आणि वस्तू जवळ व मोठ्या भासतात. अॅक्शन कॅमेऱ्याची केस सपाट काचेचीच असते, त्यामुळे कडांना रंगांच्या झालरी येतात. डोम पोर्ट हे आकसणे टाळतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र रंगाबद्दल आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते, पाच-सहा मीटरवरच तो बराच गेलेला असतो आणि त्यामागून नारिंगी जातो. चांगल्या मिररलेसवर मी त्या खोलीला पोहोचल्यावर पांढरी पाटी किंवा स्वतःचा तळहात समोर धरून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळणी) बसवतो आणि खोली बदलली की पुन्हा बसवतो. अॅक्शन कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स एकाच शॉटमध्ये, ढग सरकला किंवा वाळूवरून खडकाकडे वळलो तरी, रंग बदलत राहतो. चालत्या शॉटमध्ये सरकलेला रंग नंतर संगणकावर सावरणे किती जिकिरीचे असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

आणि फक्त मालवणच का? विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळी पठाराचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे. तिथे रंग उरतो तो निळा-हिरवा. माणूस कॅमेरा एका हंगामासाठी घेत नाही, त्याचे डाइव्हिंग पुढे अंदमान-लक्षद्वीपपर्यंत जाणारच असते.

दांडीकिनारा:

व्हाइट बॅलन्सबद्दल दोन गोष्टी. एक, प्रत्येक मिररलेस पाण्याखाली आपण म्हणता तसा वागत नाही. काही लोकप्रिय मॉडेले खोल निळ्या पाण्यात हवा तो रंग बसवूच देत नाहीत, कारण त्यांची रंगतापमानाची मर्यादा ९९०० केल्व्हिनपाशी संपते, आणि हे खरेदीआधी दुकानात कोणी सांगत नाही. दोन, अॅक्शन कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स स्वयंचलितच ठेवला पाहिजे अशी सक्ती नाही. तो एका आकड्यावर कायम करता येतो, आणि आज बहुतेक चांगल्या अॅक्शन कॅमेऱ्यांत दहा बिटचे, म्हणजे रंगाच्या जास्त छटा नोंदवणारे, चित्रण मिळते, त्यामुळे नंतर रंग ओढायला पुष्कळ वाव राहतो. शिवाय आपल्या हिरव्या पाण्यासाठी दुकानदार सर्रास गळ्यात मारतात तो लाल फिल्टर नको, किरमिजी हवा. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. आणि लाइट लावल्यावर दोन्ही फिल्टर काढून टाकावेत.

आंग्रिया बँकेबद्दल आदर आहे, पण तिथे वर्षातून किती जण जातात? शिकाऊ माणसाने कॅमेरा निवडताना आपल्या नेहमीच्या पाण्याचाच विचार करावा, स्वप्नातल्या पाण्याचा नव्हे.

तळमुक्काम:

मी डाइव्हमास्टर, म्हणजे डाइव्हरांना पाण्याखाली नेणारा मार्गदर्शक, म्हणून काम करतो, त्यामुळे माझा कॅमेऱ्यांकडे पाहण्याचा डोळा थोडा वेगळा आहे. चित्र कसे आले हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो ते कॅमेरा घेऊन उतरलेला माणूस पाण्यात कुठे आहे.

ज्याची तरंगस्थिरता, म्हणजे पाण्यात एका पातळीवर स्थिर राहण्याचे कौशल्य, पक्की नाही असा माणूस दोन आर्म, दोन लाइट आणि डोम घेऊन खाली आला की त्याचे लक्ष पडद्यावर खिळते, पायांतले फिन खाली घसरतात आणि मागचा प्रवाळ तुटतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, पण पाण्याखाली कायदा कोण दाखवणार? तिथे आमचा इशारा हाच कायदा. दुसरी गोष्ट हवेच्या मापाची. दोन्ही हात हाउसिंगवर अडकलेल्या माणसाचे गेजकडे पाहणे हटकून लांबते. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या नव्या डाइव्हरला मी पहिला हंगाम लहान कॅमेऱ्यावरच काढायला सांगतो, आणि तो कॅमेराही काठीला नको, दोन मुठींच्या छोट्या ट्रेवर बसवलेला हवा. काठीवरचा कॅमेरा हलतो. ट्रेवरचा कॅमेरा, कोपरे अंगाशी ठेवले तर, आश्चर्य वाटावे इतका स्थिर राहतो.

लाइटबद्दल दांडीकिनारा यांनी सांगितले ते खरे आहे, पण लाइट कुठे लावतात हे त्यांनी लिहायला हवे होते. गढूळ पाण्यात लाइट भिंगाला खेटून लावला तर मधला प्रत्येक कण उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. लाइट दोन्ही बाजूंना लांब न्यावेत आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवावेत, म्हणजे प्रकाशाची फक्त कड माशाला लागते आणि मधले पाणी अंधारे राहते. त्यासाठी आर्म लांब हवेत, आणि आर्म लांब झाले की अॅक्शन कॅमेऱ्याचा आटोपशीरपणाही गेलाच. हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे.

कॅमेरा कोणताही असो, केस होडीवर उन्हात उघडू नये. दमट गरम हवा आत कोंडली आणि कॅमेरा थंड पाण्यात गेला की काचेवर आतून वाफ धरते. केस सकाळी खोलीतच बंद करावी, आत सिलिका जेलची पट्टी ठेवावी, आणि ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) डोक्याचा केस किंवा वाळूचा कण नाही हे बोट फिरवून पाहावे. मिररलेसच्या अनेक हाउसिंगमध्ये निर्वात तपासणीची सोय असते, म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वीच गळती कळते. ही सोय फार मोलाची आहे, आणि ती बहुतेक अॅक्शन कॅमेऱ्यांच्या केसमध्ये नसते.

खोलपाणी:

तळमुक्काम यांच्या सगळ्या सूचना मला मान्य आहेत. ज्याला तरंगता येत नाही त्याने मिररलेस घेऊ नये, यावर वाद नाही. पण त्यावरून मिररलेस नकोच, असा निष्कर्ष निघत नाही.

एक दृश्य सांगतो. समुद्रफुलाच्या (सी अॅनिमोनच्या) बुडाशी खडकावर क्लाउनफिशची अंडी चिकटवलेली असतात. प्रत्येक अंडे दोन-तीन मिलिमीटरचे, सुरुवातीला नारिंगी. नर दिवसभर त्यांच्यावर कल्ल्यांमागच्या परांनी पाणी घालत राहतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो, आणि उबण्याची वेळ जवळ आली की प्रत्येक अंड्यातून पिल्लाचे रुपेरी डोळे चमकू लागतात. हे चित्रित करायचे असेल तर अॅक्शन कॅमेऱ्याचा काहीही उपयोग नाही. त्याचा फोकस कायमचा ठरलेला असतो, फूटभराच्या आत गेले की चित्र धूसर, आणि फूटभर अंतरावरून ती अंडी म्हणजे नुसता नारिंगी डाग. शिवाय इतक्या जवळ कॅमेरा आणि हात नेले की नर बिथरतो. मिररलेसवर लांब पल्ल्याचे मॅक्रो भिंग (लहान वस्तू मोठी टिपणारे) लावले तर त्याला न हुसकावता चौकट भरता येते. मालवणच्या कमी दिसणाऱ्या पाण्यात मॅक्रोच उत्तम चालते, कारण मधे पाणीच नसते! आपल्या पाण्यावर बेतलेली आपली मूळ मांडणी इथे माझ्याच बाजूने उभी राहते.

काठावरची:

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि दोन्ही बाजू वाचून अधिकच गोंधळले. मला सुंदर चित्रफीत करायची नाही. खडकाळ पट्ट्यांवरच्या माशांच्या नोंदी आणि कवच नसलेल्या समुद्री गोगलगाईंची ओळख पटेल एवढे तपशील हवे आहेत. बजेट अर्थातच तोकडे आहे. आपणा दोघांनाही विचारते, मी काय घ्यावे?

दांडीकिनारा:

आपली दोन कामे वेगवेगळी आहेत, म्हणून उत्तरही दुहेरी आहे. माशांच्या नोंदींसाठी अॅक्शन कॅमेरा निःसंशय पुरेसा आहे. आमिष लावून तळावर ठेवायच्या कॅमेऱ्यांनी माशांची मोजणी करण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि तिच्यात अॅक्शन कॅमेरेच मोठ्या प्रमाणावर वापरतात. काही कॅमेरे केसशिवाय अठरा किंवा वीस मीटरपर्यंत चालतात, काही दहापर्यंतच, आणि केस घातली की बहुतेक साठ मीटरपर्यंत. तरीही केस घालावीच, कारण तिच्याशिवाय पाणी आणि कॅमेरा यांच्यामध्ये एकच पडदा राहतो.

गोगलगाईंसाठी खोलपाणी यांचे म्हणणे मी स्वीकारतो. पण त्यासाठी मिररलेसच हवा असे नाही. सेंटिमीटरभर अंतरावरून फोकस करणारे, स्वतः पंधरा मीटरपर्यंत जलरोधक असलेले आणि केसमध्ये पंचेचाळीस मीटरपर्यंत जाणारे छोटे कॅमेरे मिळतात. त्यांचा व्हिडिओ सामान्य असतो. ओळख पटवण्यापुरता मात्र तो भरपूर आहे.

खोलपाणी:

ओळख पटवण्यासाठी तो छोटा कॅमेरा चालेल, हे मलाही मान्य. पण काठावरची, आपण उद्या गोगलगाईची अंडी घालण्याची पद्धत किंवा खाण्याची लकब नोंदवायला गेलात, तर सेंटिमीटरभर अंतरावर आपल्या कॅमेऱ्याचीच सावली तिच्यावर पडेल आणि लाइटला शिरायला जागा उरणार नाही. वापरलेला जुना मिररलेस, पॉलिकार्बोनेटचे चाळीस मीटरचे हाउसिंग आणि एक मॅक्रो भिंग, एवढे दोन-तीन विद्यार्थ्यांनी मिळून घेतले तर आवाक्यात येते. विभागाला अर्ज करून पाहावा. हाउसिंग घेताना मात्र ते नेमक्या त्याच मॉडेलसाठी आहे का ते तपासावे, कारण कॅमेरा बदलला की हाउसिंग बाद होते.

तळमुक्काम:

अर्ज मंजूर झाला, तर पहिला डाइव्ह कॅमेरा आत न ठेवता रिकाम्या हाउसिंगचा करावा. आत टिश्यू कागद ठेवून हाउसिंग ठरलेल्या खोलीपर्यंत न्यावे, दहा मिनिटे धरावे आणि वर आल्यावर कागद कोरडा आहे का ते पाहावे. तो डाइव्ह अभयारण्याच्या खडकावर नको, वाळूच्या पट्ट्यावर करावा, म्हणजे ओझ्याची सवयही होईल आणि फिन कुठे लागले तरी फक्त वाळू उडेल.